खिडकीखालचा पलंग

कुलूप काढून ती आत आली, बादली बाथरूमच्या दाराशी ठेवली, धुतलेल्या चादरींची पिशवी सोफ्यावर टाकली, आणि आतल्या खोलीत पाऊल टाकता टाकता तिच्या तोंडून शब्द निघून गेले, "आले हं, आई." स्वतःचाच आवाज कानावर पडला तशी ती दचकली. कोणी हाक मारली नव्हती. हाक मारायला घरात कोणी नव्हतंच. तीन दिवस राहिलेलं तरुण जोडपं आणि त्यांचं तान्हं बाळ सकाळीच किल्ली देऊन गेलं होतं, दुपारी दुसरे पाहुणे यायचे होते, आणि मधल्या वेळात चादरी बदलणं, फरशी पुसणं, न्हाणीतल्या जाळीवरचे केस काढणं ही सगळी तिची नेहमीची कामं. पण पलंग खिडकीखाली होता. समोरच्या भिंतीला लावून ठेवलेला तो जुना, जड, लाकडी पलंग कोणीतरी ओढत नेऊन खिडकीखालच्या कोपऱ्यात सारला होता, अगदी पूर्वी असायचा तिथे, डोकं त्याच बाजूला, आणि वरची चादर अशी चुरगळलेली, की कोणी आत्ताच कूस बदलून पाठ करून निजलं असावं. ती होती तिथेच थांबली. भीती नव्हे, भुताखेतांना ती कधीच भ्याली नव्हती. जिन्यात पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि तिथे पायरी नसावी, तसं काहीतरी.

हे खालच्या मजल्यावरचं घर तिच्या सासूबाईंचं. ती आणि नवरा वरच्या मजल्यावर राहत. सासूबाईंचं डावं अंग गेलं तेव्हापासून त्या याच पलंगावर होत्या, याच खिडकीखाली, आणि ती दिवसातून कितीदा तरी हा जिना उतरायची-चढायची. त्या गेल्या त्याच आठवड्यात नवऱ्याने दोन माणसं बोलावून पलंग समोरच्या भिंतीला लावून घेतला, घराला रंग दिला, खिडकीला नवे पडदे लावले, रिकाम्या भिंतीवर होड्यांचं एक चित्र टांगलं. बंद घराला वास येतो, माणसं येत-जात राहिली तर घर जिवंत राहतं, असं तो म्हणाला. गावाबाहेरचं मोठं तळं पाहायला माणसं लांबून येतच होती. त्यांना दोन-चार दिवस राहायला स्वच्छ, शांत जागा हवी असायची, ती इथे भाड्याने मिळाली. येणाऱ्यांना घर आवडायचं. कोणी जाताना तसं तिला सांगायचं, आणि ती हसून "पुन्हा या" म्हणायची. वर्षभर ती हे करत आली होती आणि वर्षभरात एकदाही या खोलीत तिला काही झालं नव्हतं. तेव्हा आज उगाच काही होऊन घ्यायचं नाही, असं स्वतःला बजावून तिने चादरीला हात घातला.

चादर ओढली आणि पावडरीचा वास आला. बाळाची पावडर, चादरीच्या घडीतून तिचा पांढरा धुरळा उडाला आणि उन्हात तरंगत राहिला. ती चादर हातात घेऊन तशीच उभी राहिली. सासूबाईंच्या पाठीला ती दिवसातून दोनदा पावडर लावायची. एका कुशीवर वळवायचं, पाठ ओल्या फडक्याने पुसायची, कोरडी करायची, मग पावडर. सुरुवातीला दोघींनाही लाज वाटायची. सासूबाई भिंतीकडे तोंड करून घट्ट डोळे मिटून घ्यायच्या, आणि ती छताकडे बघत हात चालवायची. लग्न होऊन आली तेव्हा याच बाईने तिच्या हातच्या पहिल्या चहाला "कोमट पाणी बरं केलंयस" म्हटलं होतं. नाकावर माशी बसू द्यायची नाही अशी बाई, आणि तिची उघडी पाठ आता आपल्या हाताखाली. मग एक दिवस भिंतीकडे तोंड केलेल्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, मला काय केक समजलीस? किती ती साखर पेरतेस!" त्यांच्या जड झालेल्या जिभेतून शब्द इतके वेडेवाकडे आले, की तिला ते कळायला क्षण लागला, आणि कळले तेव्हा हसू आवरेना. पावडरीचा डबा हातातून पडला. खोलीभर पांढरं झालं. सासूबाईही हसत होत्या, पण पडल्या कुशीवरून, त्यामुळे त्यांची नुसती पाठ हलत होती. हसणारी पाठ तिने त्याआधी कधी पाहिली नव्हती.

चादर, उशांचे अभ्रे, खुर्चीच्या पाठीवर टाकलेले दोन ओले टॉवेल, सगळ्याचं तिने गाठोडं बांधलं. फ्रिजमधलं अर्धं दूध ओतून दिलं. कचऱ्याची पिशवी दाराशी नेऊन ठेवली. न्हाणीघर घासताना पाठीला रग लागली, तेव्हा कमरेवर हात ठेवून ती सरळ झाली आणि आरशात स्वतःला पाहिलं. सुटलीस गं बाई. सासूबाई गेल्या त्या दिवसांत जो भेटेल तो हेच म्हणायचा. शेजारीण म्हणाली, मावससासू म्हणाली, तिची स्वतःची आई फोनवर म्हणाली: देव करो अन् असं दुखणं कोणाला न येवो, पण तू सोनं केलंस, आता सुटलीस. आणि ती मान डोलवायची. खोटं तरी काय होतं त्यात? दमली नव्हती का? सासूबाईंच्या उशाशी ठेवलेली, अर्धवट झोपेत खालून वाजणारी ती घंटा, कुठे जायचं म्हटलं तर आधी कोणाला बसवायचं याची चिंता, बहिणीच्या मुलीच्या लग्नात अर्ध्या जेवणावरून उठून धावत घरी येणं. सुटलीच होती. फक्त सुटल्यावर माणूस जिथे जातं, ती जागा तिला सापडत नव्हती. दुपारी चारला, सासूबाईंना कुशीवर वळवायच्या वेळेला, हातातलं काम टाकून ती अजून उठायची. उठल्यावर आठवायचं, की कुठे जायचं नाहीये, मग उगाच गॅसची शेगडी पुसायची. हे कोणाला सांगावं? कोणी म्हणालं असतं, नाटकं आहेत. कोणी म्हणालं असतं, सवय आहे, जाईल. आणि सासूबाईंच्या आठवणीने गळा काढायला ती काही त्यांची मुलगी नव्हती. त्या गेल्या तेव्हाही ती रडली नव्हती. आल्यागेल्याचा चहा करत होती.

पलंग हलवायलाच हवा होता. पाहुण्यांना आधी दाखवलेल्या फोटोत तो समोरच्या भिंतीला होता, होड्यांच्या चित्राखाली. तिने दोन्ही हात लावून जोर केला. पलंग तसूभरही हलेना. पाठ लावून पाहिली, पाय भिंतीला रेटून पाहिला. मग तिला त्या जोडप्याचाच राग आला. त्या काडीपैलवान पोरांनी हा हलवला तरी कसा, आणि कशासाठी? तिने फोन लावला. पलीकडून बाळाच्या रडण्यावरून मुलीचा आवाज आला.

"काकू, सॉरी हं, परत जागेवर लावायचा राहूनच गेला. निघताना इतकी गडबड झाली ना!"

"ते असू दे गं. पण हलवलात कशाला?"

"बाळ लोळतंय हो आता. तिकडे एकाच बाजूला भिंत, दुसरीकडून पडेल अशी धास्ती. खिडकीच्या कोपऱ्यात दोन बाजूंनी भिंत मिळते. आणि काय सांगू काकू, तिथे घातल्या घातल्या झोपला. नाहीतर आम्हाला रात्रभर नाचवतो."

दोन बाजूंनी भिंत मिळते. डावं अंग गेल्यावर पहिल्या रात्री सासूबाई पलंगावरून खाली आल्या होत्या, आणि दुसऱ्या दिवशी तिनेच शोधून काढलं होतं, की कोपऱ्यात लावला तर दोन बाजूंनी भिंत मिळते. "बरं झालं हो, झोपला ते," ती एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला.

मग नवऱ्याला फोन केला. तो चष्म्याच्या दुकानात होता. कोणाला तरी अक्षरं वाचायला लावत होता, ते मागे ऐकू येत होतं. "पलंग?" तो म्हणाला. "राहू दे की तिथेच. काय बिघडतं?" "तुम्हीच तर हलवला होतात तिथून," ती म्हणाली. "बघतो काय करायचं ते," तो म्हणाला आणि फोन बंद झाला. बघतो म्हणजे काही होणार नाही, हे तिला लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातच कळलं होतं. ती गादीच्या कडेवर बसली. उघड्या गादीवर, खिडकीखाली, जिथे ती कधीच बसली नव्हती. ती नेहमी समोर स्टुलावर बसायची. इथून खिडकीतून काय दिसतं ते तिने आज पहिल्यांदा पाहिलं. समोरच्या इमारतीच्या गच्चीचा कठडा, एक वाकडी तार, आणि खाली फाटकापासून दारापर्यंतची वाट. म्हणजे येणारा माणूस दारात पोचायच्या आधीच सासूबाईंना दिसत असणार. म्हणूनच त्या नेहमी तयार असायच्या.

सासूबाई नकला करायच्या. हे जगात फक्त तिला ठाऊक होतं. भेटायला आलेलं माणूस दारातून बाहेर पडलं, की त्या पावलांचा आवाज विरेपर्यंत थांबायच्या आणि मग सुरू. त्यांचा अर्धा चेहरा हलायचा नाही, पण उरलेल्या अर्ध्यावर त्या आख्खं माणूस उभं करायच्या. एक लांबचा पुतण्या यायचा, तो पक्षाघात म्हणजे बहिरेपण समजून कानाशी ओरडायचा. एक बाई समाचाराला म्हणून यायची आणि स्वतःच्याच गुडघ्यांची कहाणी सांगून, वर चहा पिऊन जायची. डॉक्टर सासूबाईंच्या देखत तिला विचारायचे, "आजींना भूक लागते का?" आणि ते गेल्यावर सासूबाई अगदी त्यांच्यासारखा घसा खाकरून म्हणायच्या, "आजींना विचारून कळवते." ती स्टुलावर बसून हसून हसून वाकायची. कोणी ऐकलं तर काय म्हणेल म्हणून तोंडावर टॉवेल धरायची. आजारी माणसाच्या खोलीतून असं हसणं बरं दिसत नाही. ते हसणं हेच तिचं तिथलं खरं राहणं होतं. बाकी सगळं, औषधं, पथ्यपाणी, भांडी, फडकी, हे कोणी दुसरीनेही केलं असतं.

फाटक वाजलं. वाटेवरून तिची नणंद येत होती. नवऱ्याची मोठी बहीण, शाळेत मुख्याध्यापिका होती, निवृत्त होऊनही चालणं तसंच, ताठ, घंटा व्हायच्या आत वर्गावर पोचायचं असल्यासारखं. ती पटकन गादीवरून उठली.

"त्याचा फोन आला होता," नणंद बाहेरच्या खोलीतूनच म्हणाली. "म्हणाला, ती एकटी पलंगाशी झुंजतेय, तू जवळ आहेस तर जा."

"कशाला त्रास दिला तुम्हाला, ताई. मी केलं असतं."

"केलं असतंस. सगळं तूच केलं असतंस." हे टोमण्यासारखं आलं का नुसतंच, ते तिला कळलं नाही. नणंद आतल्या खोलीच्या दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली. आई गेल्यापासून ती या घरात शिरलीच नव्हती. आली की सरळ जिना चढून वर. आता तिने खिडकीखाली पाहिलं आणि दाराच्या चौकटीला हात लावला. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता.

"पाहुण्यांनी हलवला," ती घाईघाईने म्हणाली. "बाळ पडू नये म्हणून. आपण दोघी मिळून..."

"थांब जरा."

नणंद आत आली. स्टूल आता तिथे नव्हतं. ती खुर्ची ओढून बसली, पर्स मांडीवर घट्ट धरून, जशी पूर्वी दर रविवारी येऊन बसायची. पंधरा-वीस मिनिटं बसायची, औषधं वेळेवर होतात का विचारायची, आईच्या कपाळावर हात ठेवायची आणि निघायची. शेजारी उभी असलेली ती तेव्हा मनात म्हणायची, मुलगी असून हिला दोन घटका जास्त बसवत नाही.

"तुम्ही दोघी कशाला हसायचात गं?" नणंदेने विचारलं.

"कोण दोघी?"

"उगाच वेड पांघरू नकोस. तू आणि आई. मी रविवारी निघायचे ना, तर फाटकाशी जाऊन परत यायचे कधीकधी. काही विसरलं म्हणून. म्हणजे विसरलेलं काही नसायचं. आत हसणं चालू असायचं. मी दाराबाहेर उभी राहून ऐकायचे. आत यावंसं वाटायचं, पण वाटायचं, मी आत गेले की थांबेल." तिने पर्सची चेन उघडली, परत लावली. "मी आले की ती कशी असायची माहितेय ना? शहाण्या मुलीसारखी. हो, होतात औषधं वेळेवर. माझ्याशी ती आजारी माणसासारखी वागायची. हसायची तुझ्याशी."

इतकी वर्षं हिला कंटाळा आहे असं ती धरून चालली होती, आणि ही दाराबाहेर उभी. तिला एकदम उकडायला लागलं. काय सांगावं? काहीतरी जुजबी सांगून वेळ मारून नेता आली असती. "अहो, नकला करायच्या त्या," ती म्हणाली. "भेटायला येणाऱ्यांच्या."

"कोणाच्या?"

"सगळ्यांच्याच. डॉक्टरांच्या. तो ओरडणारा पुतण्या, त्याची तर हुबेहूब."

नणंद तिच्याकडे रोखून बघत होती. त्या नजरेपुढे कितीतरी पोरांनी चोरलेला खडू परत दिला असेल. "आणि माझी?"

बाहेर कुठेतरी पाण्याची मोटर सुरू झाली. नाही म्हणावं, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण नाही म्हटलं असतं तर नणंद पुन्हा दाराबाहेरच राहिली असती. आपल्या आईच्या हसण्यात आपलं नावसुद्धा नव्हतं असं धरून चालली असती. "तुमची सगळ्यात जास्त," ती म्हणाली.

"करून दाखव."

"ताई, काहीतरीच काय!"

"दाखव म्हणते ना."

ती उभी राहिली. चेहऱ्याची डावी बाजू सैल सोडली. उजवी भुवई वर चढवली, हनुवटी आत घेतली, नसलेल्या घड्याळाकडे पाहिलं, आणि सासूबाईंच्या त्या जड, अडखळत्या जिभेने, त्यांनी केलेल्या मुख्याध्यापिकेच्या आवाजात म्हणाली, "औषधं... वेळेवर... घेता ना? छान. बसा खाली."

मग नणंदेच्या घशातून कसला तरी आवाज आला. ती पुढे वाकली, पर्स मांडीवरून घसरली, आतली नाणी फरशीवर घरंगळत गेली, आणि मुख्याध्यापिकाबाई पोट धरून हसत होत्या. "बसा खाली!" ती म्हणत होती. "अगं, आईला बसा खाली म्हणायचे मी? झोपलेल्या बाईला?" "एकदा म्हणालात खरंच," ती म्हणाली, आणि मग तिलाही आवरेना. हसता हसता नणंदेचं रडणं कधी सुरू झालं ते दोघींनाही कळलं नाही. ती शेजारी जाऊन उभी राहिली. काय करावं ते न सुचून तिने नणंदेच्या पाठीवर हात ठेवला. पाठ हलत होती. रुंद, मजबूत, आईसारखीच. आणि मग तिला जाणवलं, की आपल्याही गालांवरून काहीतरी हनुवटीपर्यंत आलंय आणि मानेवर टपकतंय. तिने ते पुसलं नाही.

फोन वाजला. दुपारचे पाहुणे लवकर पोचले होते, कोपऱ्यावरच होते, आलं तर चालेल का? "या की," ती म्हणून बसली आणि मग दोघींची त्रेधा उडाली. पलंग हलवायचं कोणी नावही काढलं नाही. एकीने चादरीचं हे टोक धरलं, दुसरीने ते. नणंदेने उशांना अभ्रे चढवले, एक उलटा चढवला, परत काढला. नाणी गोळा केली. फरशीवर शेवटचा हात फिरवून ती बादली घेऊन वळली, तोच दारात दोन मध्यमवयीन मैत्रिणी उभ्या, डोक्यावर उन्हाच्या टोप्या, हातात बॅगा. "फोटोत वेगळं होतं ना?" एक म्हणाली. "पण हे जास्त छान. मी खिडकीशी." "दरवेळी तूच खिडकीशी," दुसरी म्हणाली. त्यांची ती भांडाभांडी चालू असतानाच तिने किल्ली दिली, गरम पाण्याचं बटण दाखवलं, आणि दोघी नणंद-भावजया मळक्या चादरींचं गाठोडं दोन बाजूंनी धरून जिना चढल्या.

वर आल्यावर गाठोडं स्वयंपाकघराच्या मधोमध टाकलं आणि दोघी तिथेच फरशीवर, भिंतीला टेकून बसल्या. कपडे मशीनला लावायला हवे होते, जेवायची वेळ झाली होती, पण उठवेना. "अजून कोणाची?" नणंद पुन्हा पुन्हा विचारत होती, आणि ती आठवून आठवून सांगत होती. गुडघेवाल्या बाईपाशी आल्या असतील, तेव्हा नवरा जेवायला घरी आला. दारात दोन्ही हात मागे बांधून, मान जराशी पुढे काढून तो उभा राहिला आणि म्हणाला, "सगळं ठीक ना?" दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि खो खो करत सुटल्या. कारण सासूबाई त्याची नक्कल करायच्या ती अशीच.

"झालं काय हसायला?" तो म्हणाला. "पलंग हलला का?"

"नाही हलला," नणंद डोळे पुसत म्हणाली. "आई तुझी नक्कल करायची, ठाऊक आहे तुला?"

"माझी?" तो दोघींकडे आळीपाळीने बघत राहिला. हसू ओसरलं तसं तिला वाटलं, आत्ता नाही तर हे कधीच नाही. "मला त्यांची फार आठवण येते हो," ती म्हणाली. वर्षभर मनात धरून ठेवलेलं ते वाक्य बाहेर आलं तेव्हा अगदीच साधं निघालं. भाजी संपलीय सांगावं तसं.

"तुला?" तो म्हणाला. मग त्याने चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसायला घेतला. दुकानात गिऱ्हाइकांना तो कायम सांगत असे, सदऱ्याने पुसू नका, चरे पडतात. "मला वाटलं, तू किती दमली होतीस. तुझ्यापुढे तिचं नाव काढायचं म्हणजे तुला परत कामाला जुंपल्यासारखं. म्हणून मग मी आपला गप्प." काचा पुसून झाल्या तरी तो पुसतच होता. "दुकानातून येतो ना, तेव्हा खालच्या दाराशी थांबतो जरा वेळ. आत कोणीतरी परकं माणूस असतं, टीव्ही लावलेला असतो. मग येतो वर."

रोज संध्याकाळी त्याची पावलं जिन्याच्या तोंडाशी थांबतात, हे तिने वरून वर्षभर ऐकलं होतं.

"मला वाटायचं, तुम्ही दम घेता," ती म्हणाली.

"दमच घेतो," तो म्हणाला.

तिने मधलं गाठोडं ओढून बाजूला केलं आणि भिंतीशी त्याच्यापुरती जागा करून दिली.